सहाची पट्टी

पडदा संडासाच्या दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवला होता. दोन घड्यांचा, मागच्या बाजूचं कापड विटलेला, उजव्या पायाला मी स्वतः चिकटपट्टी गुंडाळलेला आमचा पडदा. आणि त्याच्यावर कुणीतरी आपली ओली छत्री अडकवली होती. खांद्यावर शामिसेनची पेटी आणि हातात भिजलेले बूट घेऊन मी तशीच उभी राहिले. अकरा वर्षं मी या पडद्याच्या मागे बसून वाजवते आहे. तो रंगमंचावर नाही, इथे आहे, एवढ्यावरून मला कळलं की माझ्याबद्दल काहीतरी ठरलं आहे आणि ते माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत आहे. सभागृहाचा माणूस मला बघून वाकला, रोजच्यापेक्षा जरा जास्तच वाकला, आणि घाईने कुठेतरी निघून गेला. जपानमध्ये पंधरा वर्षं काढल्यावर माणूस एवढं तरी शिकतो: कुणी गरजेपेक्षा जास्त वाकलं की समजावं, आपला गळा कापून झालेला आहे. मी छत्री काढून खाली टाकली. कापडावर पडलेला ओला डाग रुमालाने टिपला आणि मग माझा मलाच राग आला, की मी काय टिपत बसले आहे.

रोक्योकु म्हणजे काय हे पुण्यातल्या नातेवाइकांना सांगायचं मी केव्हाच सोडलं. आधी उत्साहाने सांगायची. कीर्तनातलं आख्यान घ्या, पोवाड्यातला खणखणीतपणा घ्या. एक माणूस टेबलामागे उभा राहून तास-अर्धा तास गोष्ट सांगतो, मध्ये गातो, मध्ये बोलतो, आईही तोच, चोरही तोच, न्यायाधीशही तोच. आणि बाजूला पडद्याआड बसून दुसरा एक जण तीन तारांचं शामिसेन वाजवतो, मधूनच 'योओ', 'हा' अशा हाका देतो. कुठे काही लिहिलेलं नसतं. गाणाऱ्याने श्वास घेतला की तो कितीचा आहे हे ओळखून वाजवणाऱ्याने पुढे व्हायचं. प्रेक्षकांनी गाणाऱ्याकडे बघायचं, म्हणून वाजवणारा झाकून ठेवायचा. एवढं ऐकल्यावर नातेवाईक म्हणायचे, "म्हणजे तुला कुणी बघतच नाही?" आणि उल्हास, माझा नवरा, हसून म्हणायचा, "अहो, त्यांना पत्ताच नाही मागे कोण आहे. बँकेतल्या आमच्या आयटी डिपार्टमेंटसारखं." हा विनोद त्याने अकरा वर्षं जपून वापरला आहे.

आत फुजिए-शिशो आरशासमोर बसली होती. शिशो म्हणजे गुरू. तोंडावर मी तिला शिशो म्हणते, मनात अगंतुगं करते, आणि त्याची मला लाज वाटत नाही. किनुगावा फुजिए, वय अठ्ठ्याहत्तर, चार फूट दहा इंच. तिने आरशातूनच मला नमस्कार घातला, "ओहायो गोझाइमास." दुपारचे बारा वाजले होते, पण या धंद्यात कुठल्याही वेळी भेटा, सकाळचाच नमस्कार करायचा असतो. आमच्या घराण्यात त्या नमस्काराला आणखी एक काम आहे. गाणारी त्या दिवशीची पट्टी सांगत नाही आणि वाजवणारीने ती विचारायची नसते. नमस्कारातला आवाज ऐकायचा, आज कफ आहे का, झोप झाली आहे का, काल कुणाशी भांडली आहे का ते ओळखायचं आणि गुपचूप जाऊन खुंट्या पिळायच्या. मी वाकून नमस्कार परतवला. आवाज वाईट होता. चारची पट्टीसुद्धा आज जड जाईल असा होता.

इथे पट्ट्या आकड्यांनी मोजतात. तिची सहा. आपल्या बाजाच्या पेटीवर पांढरी दोन. पत्रकावर छापतात, मुलाखतीत ती स्वतः सांगते, "तिशीत सहा होती, आजही सहा आहे." जुने रसिक मान डोलावतात, एकमेकांना कोपराने ढोसतात, की बघ, अशी माणसं आता होणार नाहीत. साफ खोटं आहे. चार वर्षांपूर्वी एका दुपारी तिचा नमस्कार ऐकला आणि त्यात मला भेग ऐकू आली. मी न बोलता पाचवर आणलं. ती गायली, पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले, कुणाला काही कळलं नाही. पुढच्या वर्षी साडेचार. गेल्या हिवाळ्यापासून चार. एकदम नाही, केसाएवढं केसाएवढं खाली, रक्तदाबाच्या माणसाच्या भाजीतलं मीठ कमी करत न्यावं तसं. मग तिच्या डाव्या कानात यंत्र बसलं आणि माझं काम आणखी सोपं झालं. चार वर्षं जगात ही गोष्ट फक्त मला माहीत होती. लोक सहा ऐकायला यायचे, मी त्यांना चार वाढायचे, आणि ती सहाची म्हणून वाकून टाळ्या घ्यायची. टाळ्या चालू असताना पडद्याआड बसून मी तिच्या पाठीकडे बघायची. तेव्हा मला जे वाटायचं त्याला दया म्हणत नाहीत. मला वाटायचं, हिचं काहीतरी माझ्या मुठीत आहे.

माझंही काहीतरी तिच्या मुठीत होतं. मी वाजवायला आले नव्हते, गायला आले होते. पुण्यात चौदा वर्षं ख्याल शिकले, विशारद झाले, दोन शाळांत गाणं शिकवलं, आणि उल्हासला इथलं पोस्टिंग मिळालं तेव्हा तंबोरा नणंदेकडे ठेवून, चार वर्षांच्या ईश्वरीला कडेवर घेऊन ओजिमाच्या सरकारी इमारतीत नवव्या मजल्यावर राहायला आले. खाली दोन भारतीय किराणा दुकानं, वर आकाश. चार वर्षं मी कचरा वेगळा करायला शिकले. मंगळवारी जळणारा, शुक्रवारी प्लॅस्टिक. घरात गायले तर शेजारच्या बाईने दारावर अतिशय सभ्य चिठ्ठी चिकटवली. मग एकदा ईश्वरीच्या पोहण्याच्या वर्गाची चौकशी करायला वॉर्डाच्या सांस्कृतिक केंद्रात गेले, आणि वरच्या मजल्यावर ज्येष्ठ नागरिकांसाठी चाललेल्या कार्यक्रमाचा आवाज जिन्यात आला. खरवडलेला, फाटका, तळातून उपसून काढलेला आवाज. पुण्यातल्या माझ्या बाईंनी कान झाकले असते. मी जिन्यातच बसले. शब्द एक कळत नव्हता आणि मी रडत होते, आणि पोहण्याच्या वर्गाचा फॉर्म भरायचा राहिला. पुढच्या आठवड्यात तिच्या दारात जाऊन मोडक्या जपानीत म्हणाले, मला गायला शिकवा. ती म्हणाली, गा. मी भूप गायले. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकलं, थंड झालेला चहा प्याली आणि म्हणाली, "फार सुंदर. फार धुतलेला आवाज आहे. यात अजून कुणी मेलेलं नाही." मग उठून कपाटावरून एक शामिसेन काढलं. "कान मात्र चांगला आहे. गेनची जागा रिकामी आहे."

गेन म्हणजे तिचा नवरा, तिचा वाजवणारा. मी यायच्या वर्षभर आधी मेला. अकरा वर्षं मी या मेलेल्या माणसाशी स्पर्धा करते आहे. गेन असता तर इथे थांबला असता. गेनची हाक पोटातून यायची, तुझी नाकातून येते. हाच गेन दारू पिऊन दोनदा कार्यक्रमाला आलाच नव्हता, एकदा तिने त्याला बर्फात शोधून, मुस्कटात मारून आणून बसवला होता, हे तिनेच मला सांगितलेलं. पण मेलेल्याला सगळं माफ. शिशो स्वतः चोशीच्या बंदरावरच्या, मासे सोलणाऱ्या बाईची मुलगी. चौदाव्या वर्षी गुरूच्या घरी राहायला गेली. सहा वर्षं जमिनी पुसल्या, गुरूचे कपडे धुतले, एक ओळ शिकवली नाही त्याने, भिंतीपलीकडून ऐकून चोरून शिकली. मग मंडळीबरोबर गावोगाव. होक्काइदोच्या कोळशाच्या खाणी, तंबूत हजार हजार माणसं, काळ्या तोंडाचे मजूर नाणी कागदात बांधून फेकायचे, एकदा कपाळावर लागून रक्त आलं तरी ओळ तोडली नाही. मग खाणी मिटल्या, तंबू मिटले, टीव्ही आला. कंपनीने चमचमता किमोनो घालून दोन रेकॉर्डी काढल्या, त्या कुणी घेतल्या नाहीत. नंतर गरम पाण्याच्या झऱ्यांवरची हॉटेलं, जिथे लोक जेवताना ऐकतात. कोळंबीची सालं काढत ऐकतात. हे सगळं ती इतक्या वेळा सांगते की मला तिच्या आयुष्याचा कंटाळा आला आहे, आणि तरीही कुणी तिसऱ्याने ते चुकीचं सांगितलं की मी दुरुस्त करते.

दोन वर्षं वाजव, मग बघू, असं ती म्हणाली होती. दोनाची पाच झाली. दर नव्या वर्षाला मी तिच्यासमोर गुडघे टेकून विचारायची, यंदा गाणं सुरू करू या का, आणि ती म्हणायची, यंदा खुंट्या नीट पिळ. एकवीस साली बाबा गेले. सीमा बंद होत्या, विमानं नव्हती. मी मोबाइलच्या पडद्यावर, जयेशने, माझ्या भावाने, धरलेल्या कॅमेऱ्यातून बाबांना नेताना पाहिलं. मध्येच चित्र अडकलं आणि चौघांचे पाय तसेच थांबले, ते कितीतरी वेळ हलेनात. चौथ्या दिवशी तिच्याकडे गेले. म्हणाले, शिशो, आता मेलं आहे कुणीतरी. आता शिकवा. मी हे नाटकाने म्हटलं नव्हतं. मला खरंच वाटलं होतं की तिने लावलेली अट मी पुरी केली आहे, फार मोठी किंमत देऊन केली आहे. तिने खिडकी लावली. मग म्हणाली, "शामिसेन लाव." त्याच महिन्यात मला तिच्या नमस्कारातली भेग पहिल्यांदा ऐकू आली. आता कुणी विचारलं की ती भेग तेव्हाच पडली होती की मला ती तेव्हाच ऐकायची होती, तर मी शपथेवर सांगू शकत नाही.

"चारु-सान, आज पडदा नाही," आरशातूनच ती म्हणाली. पावडरचा पफ गालावर दाबत होती. "वर्तमानपत्रवाले येणार आहेत. तिकिटं सगळी गेली."

"शिशो, मला आधी सांगायला हवं होतंत."

"आधी सांगितलं की माणूस विचार करतो. विचार करणाऱ्याचा हात जड होतो." तिने पफ खाली ठेवला. "सहा वर्षांनी सगळी तिकिटं गेली आहेत. भारतीय बाई शामिसेन वाजवते आणि ती पडद्याआड, मग तिचा उपयोग काय?"

तेवढ्यात दार सरकलं आणि ईश्वरी आत आली. एकोणीस वर्षांची माझी मुलगी, कोंबिनीतल्या, चोवीस तासांच्या दुकानातल्या, अर्धवेळ कामावरून थेट, गणवेशाचा शर्ट जॅकेटमधून दिसत होता. हातात कागदी पिशवी. तिने शिशोला वाकून नमस्कार केला, शिशोने तिच्या गालाला हात लावला. मला अकरा वर्षांत एकदाही लावला नाही. पिशवीत माझी हिरवी इरकल होती. लीलावतीमावशीने दिलेली, कपाटात सगळ्यात खाली ठेवलेली.

"ही तुला कुणी आणायला सांगितली?"

"शिशोंनी. लाइनवर मेसेज करून." तिने जपानीतच उत्तर दिलं. "गेल्या आठवड्यात."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." मग माझा चेहरा बघून ती मराठीत आली, जशी ती फक्त मला गप्प करायला येते. "आई, एक दिवस तर आहे. किती इश्यू करशील? सगळ्यांना तुला बघायचंय."

सगळ्यांना मला बघायचंय. अकरा वर्षं लपवलं तेव्हा मी गेनची जागा भरणारा एक हात होते, आणि आता बाहेर काढलं तर साडी. मधलं काहीच नव्हतं. मला एकदम त्या खोलीतल्या सगळ्यांचा संताप आला, पोटच्या पोरीचासुद्धा. ती शिशोशी जितकं बोलते तितकं माझ्याशी महिन्यात बोलत नाही. ह्या दोघी मिळून माझं कपाट उघडतात, माझी साडी ठरवतात, आणि मी नेसले नाही तर मीच आखडू. मी साडी नेसले. आरशाकडे पाठ करून, दात आवळून, निऱ्या काढल्या. ईश्वरीने पदर नीट करायला हात पुढे केला तो मी झटकला. इरकल नेसून गुडघ्यांवर बसून शामिसेन वाजवून बघा कधी. वाद्य मांडीवरून घसरतं. किमोनोवर घालायचा रबराचा तुकडा रेशमावर ठरत नाही. मी तो तुकडा तीनदा लावला, तीनदा सरकला, आणि चौथ्या वेळी मला कळलं की माझे हात अगदी स्थिर आहेत.

खुंट्या पिळायला मी बाहेर गेले, नेहमीसारखी. संडासाजवळ, पडद्यापाशी. छोटी शिट्टी ओठात धरली, जिच्यातून प्रत्येक पट्टीचा सूर निघतो. चार वर्षांत सहाचं भोक मी फुंकलं नव्हतं, तिथे धूळ बसली होती. फुंकलं. पहिली तार वर चढवली. पाचवर आली तेव्हा थांबता आलं असतं, मी थांबले नाही. मला नीट माहीत होतं मी काय करते आहे. राग आला, भान गेलं, असं मी म्हणणार नाही. तिच्या गळ्याची मला तिच्यापेक्षा जास्त माहिती आहे. शेवटची चढण, जिथे तिला पट्टीच्या वर आणखी चार सूर जायचं असतं, तिथे सहामध्ये तिचा आवाज पोचणार नाही, फुटेल, आणि फुटला की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो परत जुळणार नाही. तिकिटं सगळी गेलेल्या दिवशी, वर्तमानपत्रवाल्यांसमोर, पडदा नसताना. तुम्हीच म्हणता ना सहा? घ्या सहा. तिसरी तार लावून झाली. कान लावून ऐकलं. तंतोतंत होती.

टेबलावर तिच्या नावाचं जांभळं रेशमी आच्छादन होतं. उजवीकडे, जिथे पडदा असायचा, तिथे मी उघडी बसले होते. दिव्यांचा प्रकाश तोंडावर पहिल्यांदाच असा थेट आला आणि दीडशे माणसांनी एकदम मान माझ्याकडे वळवली. मोबाइल वर झाले. पुढच्या दोन रांगांत तिचे जुने लोक होते, टोप्या मांडीवर ठेवून बसलेले म्हातारे, ते मात्र विंगेतल्या दाराकडे बघत होते. मी तार छेडली. सुरुवातीची लकेर चार ओळींची असते, तेवढ्यात ती चालत टेबलापाशी येते. दुसऱ्या ओळीला तिचं पाऊल थांबलं. एखाद्या बाईला स्वतःच्याच स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाचा आवाज यावा तशी थांबली. डोकं जरा माझ्याकडे वळलं. मग पुढे आली, टेबलाच्या कडांवर दोन्ही हात ठेवले आणि श्वास घेतला.

आख्यान आईचं होतं. मुलगा मंदिरातली दानपेटी फोडतो आणि आई न्यायाधीशापुढे जाऊन म्हणते, मी फोडली. पहिलं कडवं खालच्या सुरांत असतं, ते तिने काढलं. दुसऱ्यात मुलगा रात्री घरी येतो आणि आई त्याचे हात बघते, तिथे पहिली चढण. मी तिच्या मानेकडे बघत होते. आजवर मी तिथूनच श्वास वाचत आले. कानामागची शीर फुगते, मग खांदा किंचित वर जातो, मग आवाज. शीर फुगली, खांदा गेला, आणि आवाजाऐवजी नुसती हवा आली. एक क्षण. मग चिरकलेला, पातळ, कुणा दुसऱ्याच बाईचा आवाज. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मान खाली घातली. मागे कुणी काही समजलं नाही, मोबाइल तसेच वर होते, माझ्यावर रोखलेले. मला वाटलं होतं या क्षणी मला बरं वाटेल. थोडं वाटलंही, खोटं कशाला बोलू. मी तिला मोठ्याने हाक दिली, "योओ!", नाकातून नाही, पोटातून, आणि ती हाक मदतीची होती की हाकलण्याची हे मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या चढणीला ती अर्ध्यात पडली. तिने कफ गिळल्यासारखं केलं, शब्द बोलून वेळ मारून नेली. तिच्या कपाळावर पावडरमधून घामाचे ओघळ आले. आता बोलण्याचा भाग होता, न्यायालयाचा. त्यात मी नुसते अधूनमधून टोले द्यायचे असतात. आणि तिथे माझं मन फिरलं. का, ते सांगता येत नाही. त्या घामाने फिरलं असेल. शेवटची चढण अजून बाकी होती आणि बोलणं चाललं आहे तोवर तार उतरवता येते, कुणाला कळत नाही, मी शंभरदा केलं आहे. मी डावा हात खुंटीवर नेला. ती न्यायाधीशाला उत्तर देत होती. वाक्याच्या मध्येच थांबली. मान पूर्ण माझ्याकडे वळवली, आणि खुंटीवरच्या माझ्या हाताकडे बघत राहिली.  सभागृहात खोकलासुद्धा नव्हता; त्यांना वाटलं, म्हातारी आई न्यायाधीशापुढे गप्प झाली आहे. एवढं लांब थांबणं मी तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. मी हात काढून घेतला. हात मांडीवर येईपर्यंत ती थांबली, मगच वाक्य पूर्ण केलं.

शेवटची चढण ती सहामध्येच गेली. तीन सूर तिने काढले. तिसरा इतका नागडा होता की मला खाली बघावंसं वाटलं, पण वाजवणारीला खाली बघता येत नाही. चौथ्याला ती ओठ उघडे ठेवून नुसती उभी होती, घसा हलत होता आणि त्यातून काहीच येत नव्हतं, आणि मी तिच्या त्या रिकाम्या तोंडाखाली चार ओळी वाजवून आख्यान संपवलं. टाळ्या मोठ्या पडल्या. माझ्यासाठी पडल्या. लोक रंगमंचाशी येऊन साडीचे फोटो काढू लागले, एका बाईने रेशीम हातात धरून बघू का विचारलं, वर्तमानपत्रातला मुलगा म्हणाला, काय उत्कट, काय मौन. पुढच्या दोन रांगांतले म्हातारे टाळ्या न वाजवता उठले, टोप्या घातल्या आणि तिच्याकडे न बघता, हळूहळू, एकमेकांना वाट देत बाहेर पडले.

खोलीत ती मोजे काढत बसली होती. ईश्वरीला तिने चहा आणायला पाठवलं, हातानेच खूण करून. दार लागलं तशी बोलली. आवाज नव्हता, नुसता श्वास होता, मला गुडघ्यांवर बसून तिच्या तोंडाजवळ जावं लागलं.

"साडीचा राग आला असेल. येऊ दे. ते मी तिकिटांसाठी केलं. पुन्हाही तेच करेन."

मी पदर गुंडाळून कमरेला खोचला.

"पण पट्टी खाली येत होती ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. कान बहिरा झालाय. घसा बहिरा होत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुला माफी मागावी लागली असती. मला आभार मानावे लागले असते. आणि दुसऱ्या दिवसापासून दोघींना परत सहावर जावं लागलं असतं." तिने मोज्यांची जोडी एकात एक घातली. "मला वाटायचं, ही मला आवडत नाही, मीही हिला आवडत नाही, पण हिला माझ्या घशाची दया येते. तेवढं मला पुरत होतं."

अकरा वर्षं मी उत्तरं जमवून ठेवली होती. ट्रेनमध्ये, कचरा वेगळा करताना, पहाटे जाग आल्यावर, व्याकरणाची एक चूक नसलेली जपानी वाक्यं. त्यातलं एक कामाचं नव्हतं. दया नव्हती, असं सांगितलं असतं तर ते आज दुपारपर्यंत खरं होतं. पण ती बोलली आणि मागची चार वर्षं माझ्या हातातून निसटून दुसऱ्याच कुणा भल्या बाईची झाली, जी मी असू शकले असते. मला रडू आलं नाही. मला तिचा इतका राग आला की कानात शिट्टी वाजायला लागली. हिने माझ्याबद्दल चांगलं कशाला वाटून घ्यायचं? कुणी सांगितलं होतं?

"पुढच्या महिन्याचा चिबाचा कार्यक्रम रद्द करायचा आहे," ती म्हणाली. "त्यानंतरचेही. माझा आवाज फोनवर जाणार नाही. तू कर."

तिचा फोन जुना, मोठ्या आकड्यांचा, बहिऱ्या माणसांसाठी आवाज वाढवलेला. मी चिबाच्या संयोजकाला लावला. सभ्यतेची सगळी वाक्यं म्हटली: अचानक त्रास देत आहे, शिशोंच्या घशाला, डॉक्टरांचा सल्ला, फार दिलगीर आहोत. तो माणूस हळहळला. चार-पाच वेळा हळहळला. मग म्हणाला, "आपण कोण? त्या भारतीय शामिसेनवाल्या का? माझ्या मित्राने आत्ता तुमचा फोटो पाठवला. साडीतला." त्याचा आवाज खोलीभर घुमत होता. "एक विचारू का? सभागृह घेऊन ठेवलं आहे. तुम्ही एकट्या याल का? तुम्ही गाताही, असं ऐकलं. भारतीय, जपानी, काहीही चालेल. अर्धा तास."

शिशोने टेबलावरचं जांभळं आच्छादन मांडीवर घेतलं होतं आणि ती त्याची घडी घालत होती, कडेला कड जुळवून, नखाने दाबत. तिला प्रत्येक शब्द ऐकू गेला होता. तिने वर पाहिलं नाही, घडी घालायची थांबली नाही. दार सरकवून ईश्वरी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनेही ऐकलं होतं, आणि ती एकदा माझ्याकडे, एकदा शिशोकडे बघत होती.

"मोशी मोशी?" तो म्हणाला. "ऐकताय ना?"

मी हो म्हटलं. येईन म्हटलं. माझा आवाज अगदी छान लागला होता.